जुनं सागवान विकताय किंवा घेताय? गज, तसू, सूत, खंडी आणि ‘गोल माप’ समजून घ्यायची पद्धत

पुण्यात पेठेतला वाडा उतरवायचं नुसतं ठरलं तरी बिल्डरच्या आधी जुनं लाकूड घेणारा दारात हजर होतो. वर बघतो, तुळईवर (छताखालच्या जाड आडव्या लाकडावर) टकटक करतो आणि म्हणतो अमुक इतके सीएफटी (म्हणजे घनफूट) भरतील, गोल मापाने धरू, नाहीतर उक्तं (सगळ्याची मिळून एकच रक्कम) सांगा. समोरच्या मालकाला यातलं धड काही कळत नाही पण विचारायची लाज वाटते, मग नुसती मान डोलते. घेणाऱ्यांचंही तेच, जुन्या सागवानाचा झोपाळा किंवा जेवायचं टेबल करून घ्यायचं म्हणून लोक भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात जातात आणि तिथं फूट, घनफूट, रनिंग फूट, सूत असं सगळं एका दमात ऐकून गांगरतात.

आमचा कसब्यातला वाडा उतरला तेव्हा लाकडाचा सगळा हिशोब माझ्याकडे आला आणि सोबत ट्रंकेतले वखारीचे जुने कागदही आले, काही मोडीत, काही बाळबोध, काही इंग्रजी बिलं. त्या निमित्ताने ही मापं नीट समजून घेतली, ती क्रमाने लिहितोय. मी ना सुतार ना व्यापारी, पण टेप धरता येतो आणि भागाकार येतो, एवढ्यावर हे सगळं जमतं.

एक गोष्ट सगळीकडे लागू आहे ती आत्ताच सांगतो. आकडा ऐकला की दर विचारायच्या आधी माप कोणतं ते विचारा. दरात घासाघीस करून शंभरामागे चार-पाच रुपये हलतात, माप बदललं की वीस-पंचवीस हलतात, आणि जुन्या कागदात तर दुप्पट-अडीचपटसुद्धा.

काय काय लागेल

- एक पोलादी टेप, ज्यावर इंच आणि सेंटिमीटर दोन्ही आहेत. शिवणकामाचा कापडी टेप गोल खांबाला गुंडाळायला बरा.
- न ताणणारी दोरी, खडू, टॉर्च, लोहचुंबक, आणि टोचायला एखादा जुना स्क्रू ड्रायव्हर.
- रेघांची वही. मोबाईलमधे लिहिलंत तरी चालेल पण सह्या कागदावरच घेता येतात.
- घरात असलेले जुने कागद, म्हणजे वखारीची बिलं, बांधकामाचा जमाखर्च, वाटणीपत्र (त्यात कधी कधी खणांचा आणि लाकडाचा उल्लेख असतो), मिस्त्रीची वही असेल तर उत्तमच.
- विकणार असाल तर मालकीचा कागद आणि पाडकामाच्या परवानगीची कॉपी. वाडा हेरिटेज यादीत आहे का ते आधी महापालिकेत बघून घ्या, मगच एकही फळी हलवा.

१. कागद कोणत्या काळातला ते आधी ठरवा

तारीख असेल तर सोपं. नसेल तर पैशांवरून बघा. रुपये-आणे-पै असेल तर साधारण १९५७ च्या आधीचा, कारण १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले (लोक पुढे काही वर्षं आण्यात बोलत राहिले तो भाग वेगळा). मापांचा कायदा १९५६ चा, मेट्रिक वजनं ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि लांबीची मापं १९६२ पर्यंत सक्तीची झाली.

पण कायदा झाला म्हणून वखार बदलली असं समजू नका. लाकडाच्या धंद्यात आजही घनफूटच बोलतात. त्यामुळे साधारण असं धरा, पेशवाई ते एकोणिसाव्या शतकातल्या कागदात गज, तसू, हात, खंडी भेटतील, इंग्रजी अंमल नीट बसल्यावरच्या कागदात फूट, इंच, टन दिसतील, आणि साठनंतरच्या बिलात वर मीटर छापलेलं आणि खाली पेनाने फूट लिहिलेलं असेल. एकाच कागदात दोन पद्धती सापडल्या तर घाबरू नका, लांबी गजात आणि दर घनफुटाला असंही चालायचं.

२. आकडे वाचायला शिका, ४॥ म्हणजे चारशे अकरा नाही

इथं नवी मुलं हमखास अडकतात. जुन्या हिशोबात पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपाच. स्कॅन करून एक्सेलमधे भरताना त्या दोन रेघांचे अकरा होतात आणि मग आजोबांनी चारशे अकरा गजाची तुळई आणली असा शोध लागतो.

आडवी रेघही फसवते. ‘१२-८-०’ पैशांच्या रकान्यात असेल तर बारा रुपये आठ आणे, म्हणजे साडेबारा रुपये. तेच ‘१२-८’ लांबीच्या रकान्यात असेल तर बारा फूट आठ इंच, म्हणजे १२.६७ फूट. कॅल्क्युलेटरवर १२.८ मारू नका. १२-१० असेल तर अजून गंमत, ते १२.८३ फूट आहे आणि लोक १२.१० टाकतात. इंचांना १२ ने भागायचं आणि मग फुटात मिळवायचं, दर वेळी, कंटाळा न करता.

औट म्हणजे साडेतीन, हे आता पाढे पाठ केलेल्या पिढीबरोबर चाललंय, म्हणून मुद्दाम सांगतो. ‘औट हात’ लिहिलं असेल तर साडेतीन हात.

कागद मोडीत असेल तर भारत इतिहास संशोधक मंडळाकडे मोडीच्या वर्गांची चौकशी करा, तिथं ओळख झालेले वाचक मदत करतात. आकड्यांपुरतं मोडी फार अवघड नाही, आकडे बाळबोधीच्या जवळचेच असतात, शब्दच त्रास देतात.

३. गज किती इंचाचा ते पुराव्याने ठरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, इथं घाई नको.

मुंबई इलाख्यात चालणारा गज २४ तसूंचा, आणि तसू साधारण सव्वा इंचाहून कमी, म्हणजे १ इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). त्या हिशोबाने गज २७ इंचांचा. हात १६ तसूंचा, म्हणजे १८ इंच. पण कागद लिहिणारा कुठला होता यावर गज बदलतो. उत्तरेतला इलाही गज इंग्रजांनी १८२५ मधे ३३ इंच धरला. इंग्रजी यार्डालाही लोक सर्रास गज म्हणायचे, तो ३६ इंच, आपल्याकडे कापडवाले त्याला वार म्हणतात. आणि सुतारांची दोन फुटी पट्टी, २४ इंच २४ भागांची, तिलाही गजच म्हटलेलं ऐकलंय.

आता फरक किती पडतो ते बघा. कागदात लिहिलंय, तुळई लांबी ६ गज, जाडी ८ तसू, रुंदी ८ तसू.

- २७ इंची गज धरला तर लांबी साडेतेरा फूट, बाजू ९ इंच, घनफूट ७.५९.
- २४ इंची धरला तर १२ फूट, ८ इंच बाजू, घनफूट ५.३३.
- ३६ इंची धरला तर १८ फूट, १२ इंच बाजू, घनफूट १८.

एकच ओळ, तीन उत्तरं. लांबीतला फरक तीनदा गुणला जातो ना, म्हणून इतकं फुगतं. भाऊबंदकीच्या वाटणीत असली एखादी ओळ असेल तर भांडणाला तेवढं पुरतं.

मग ठरवायचं कसं? कागदात नोंद असलेली एखादी वस्तू अजून जागेवर उभी आहे का ते शोधा आणि टेप लावा. कागद म्हणतो ६ गज आणि टेप म्हणतो साडेतेरा फूट, विषय संपला, त्या कागदापुरता गज २७ इंची. पण तुळईवर हा प्रयोग करताना एक लक्षात ठेवा की तिची दोन्ही टोकं भिंतीत गेलेली असतात, बाहेर दिसते ती लांबी कमीच भरणार. त्यापेक्षा दरवाजाची चौकट किंवा पूर्ण उघडा खांब घ्या. निदान दोन-तीन वस्तूंवर करून बघा, एकीवर विसंबू नका. माळ्यावर किंवा अडगळीत सुताराची लाकडी पट्टी मिळाली तर सोन्याहून पिवळं, तिच्यावरच्या खुणा मोजून घ्या आणि कुणी कितीही मागितली तरी ती लाकडात विकू नका.

खण हे माप मात्र यात आणू नका. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, ‘पाच खणी सोपा’ (सोपा म्हणजे घराचा पुढचा भाग) म्हटलं की घराचा आवाका कळतो, पण खणाची रुंदी वाड्यागणिक वेगळी, त्यावरून घनफूट काढता येत नाही. खांब, तुळई, कडी (तुळईवर बसणारं बारीक आडवं लाकूड), तक्तपोशी (कड्यांवर ठोकलेल्या फळ्या) हे प्रकार डोळ्याखालून गेले नसतील तर बाजीराव रोडला विश्रामबागवाड्यात एक चक्कर मारा, दर्शनी सागवानी काम अजून उभं आहे. शनिवारवाड्याचं सागवान जुन्नरच्या जंगलातून आणलेलं, पण वरचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले, तिथं आता दगडच बघायला मिळतो.

४. सूत

हे काही मेलेलं माप नाही, पण नवख्याला माहिती नसतं. एका इंचात ८ सूत, एक सूत म्हणजे ३ मिलिमीटरहून थोडं जास्त. सुतार ‘सहा सूत’ म्हणाला की पाऊण इंच, ‘चार सूत’ म्हणजे अर्धा. बांधकामावरची सळईही याच भाषेत बोलतात, तीन सुती म्हणजे १० एमएम, चार सुती म्हणजे १२. पाळायचा नियम एवढाच की एक इंची फळी रंधा मारल्यावर सहा-सात सुतावर येते, तेव्हा पैसे कापलेल्या मापाचे की रंधलेल्या मापाचे ते आधी ठरवून घ्यायचं.

५. चौकोनी लाकडाचा घनफूट काढा

वाड्यातलं बहुतेक लाकूड चौकोनी तासलेलं असतं, त्यामुळे नव्वद टक्के काम याच एका सूत्रात होतं.

लांबी फुटात, गुणिले रुंदी इंचात, गुणिले जाडी इंचात, भागिले १४४.

८ इंच बाय ८ इंच, १० फूट लांब तुळई म्हणजे ६४० भागिले १४४, ४.४४ घनफूट. ४ बाय ३ ची ७ फुटी कडी ०.५८. तक्तपोशीची सव्वा इंच जाड, ९ इंच रुंद, ८ फूट फळी ०.६२५, अशा ४० फळ्या निघाल्या तर २५ घनफूट. लोक तुळयांकडे बघत बसतात आणि फळ्या ‘त्या काय, किरकोळ’ म्हणून फुकट देतात, खरं तर माल तिथंच जास्त असतो.

तिन्ही मापं इंचात घेतली असतील तर १४४ ने नाही, १७२८ ने भागायचं. उत्तर बारा पटीने मोठं आलं तर हीच गडबड झालीये असं समजा. घनमीटर हवा असेल तर घनफुटाला ३५.३ ने भागा.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घेणार असाल तर स्वतःची आकडेमोड तपासायला चांगले, ब्रॉडगेजचा ठरलेला साइज ९ फूट, १० इंच, ५ इंच, म्हणजे ३.१२५ घनफूट. तुमच्या सूत्राने हाच आकडा आला की पुढे चला. ते नगावर विकतात, मग घनफुटावर किती पडलं ते तुम्ही घरी काढा.

मोजतानाचे खाचखळगे हे असे.

जुनी तुळई कुऱ्हाड आणि वाकसाने तासलेली असते, एका टोकाला ९ इंच तर दुसऱ्याला साडेसात. घेणारा बारीक टोकाला टेप लावतो, विकणारा जाड टोकाला. मधोमध लावायचा हे आधी बोलून घ्या.

भिंतीतली टोकं कुजलेली किंवा वाळवीने खाल्लेली असतात. स्क्रू ड्रायव्हर घुसेल तिथपर्यंत खडूने रेघ मारा, ती लांबी सोडून उरलेली मोजा. यात विकणाऱ्यानेही हटून बसू नये, ते लाकूड कुणाच्याच कामाचं नाही.

खाचा आणि भोकं. कड्या बसवायला तुळईत ठरावीक अंतरावर खाचा असतात. घेणारा त्या प्रत्येकीचे वजा करायला बघतो. माझं मत असं की खाच खोल नसेल तर वजा काही नाही, फळ्या काढताना तेवढा भाग पहिल्या कापात जातो. आरपार भोकं असतील तर थोडं सोडा.

खिळे. चुंबक फिरवून बघा, आरा मशीनचं पातं तुटलं की गिरणीवाला तुमच्याकडूनच वसूल करतो. जुने लोखंडी खिळे गंजून आत मोडलेले असतात, वरून दिसत नाहीत.

आणि नक्षीकाम घनफुटात कधीही देऊ नका. सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब, कोरीव चौकटी, गणेशपट्टी, महिरपी, हे नगावर जातं. एका बारीक नक्षीदार ब्रॅकेटचा घनफूट अर्धासुद्धा भरत नाही, त्या हिशोबाने त्याची किंमत चहापाण्याएवढी येईल.

६. गोल माप, म्हणजे हॉपस

एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज मोजणीदाराने १७३६ मधे लाकूड मोजायच्या तयार कोष्टकांचं पुस्तक काढलं. त्याची पद्धत इंग्रजांच्या अंमलाखाली जिथं जिथं जंगल तोडलं गेलं तिथं सगळीकडे पोचली, ब्रह्मदेशातसुद्धा आणि आपल्याकडेही. इंग्लंडात ती मागे पडली, आपल्याकडे गोल ओंडक्याच्या व्यवहारात अजून चालते, फक्त नाव न घेता ‘गोल माप’ किंवा ‘चौथाई’ म्हणतात.

करायचं असं. ओंडक्याच्या मधोमध दोरी गुंडाळा, गोलाई इंचात काढा. तिचा चौथा हिस्सा घ्या. त्याचा वर्ग करा, फुटातल्या लांबीने गुणा, १४४ ने भागा.

गोलाई ४८ इंच, लांबी १० फूट. चौथाई १२, वर्ग १४४, गुणिले १०, भागिले १४४. उत्तर १० घनफूट.

आता शाळेतलं वर्तुळ आठवा. ४८ इंच परिघाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून १० फुटाने गुणलं तर खरा घनफूट १२.७३ येतो. म्हणजे ओंडक्यातलं शंभरातलं साडेएकवीस भाग लाकूड हिशोबात धरलंच जात नाही. हॉपसचा एक फूट म्हणजे खरा १.२७३ घनफूट, हा आकडा पाठ करा.

ही लबाडी आहे का? सरळ तशी नाही. गोल ओंडका चौकोनी करताना चारी बाजूंच्या पाठी (बाहेरच्या गोलसर फळ्या) निघून जातात, ते नुकसान आधीच धरलेलं आहे. उलट याच ओंडक्यातून धारदार कोपऱ्यांचा सगळ्यात मोठा चौकोन काढला तर बाजू १०.८ इंच येते आणि हाती ८.१ घनफूटच लागतात. म्हणजे एकाच ओंडक्याचे १२.७३, १० आणि ८.१ असे तीन आकडे आहेत आणि तिघंही आपापल्या जागी खरे आहेत. लबाडी तेव्हा होते जेव्हा घेताना १० धरतात आणि दर १२.७३ वाल्या मापाचा सांगतात. दोन दुकानांचे दर तुलना करायच्या आधी दोघांचं माप एकच आहे का ते बघा, वेगळं असेल तर १.२७३ ने गुणून किंवा भागून सारखं करून घ्या.

कुठं मोजतात यालाही फार महत्त्व आहे. समजा तोच ओंडका बुंध्याला ६० इंच, शेंड्याला ३६ आणि मधे ४८ आहे. मधे मोजला तर १०. बुंध्याला मोजला तर चौथाई १५, उत्तर १५.६. शेंड्याला मोजला तर ५.६. सालीवरून मोजलं की साल काढून, हेही विचारायचं. आणि गोलाईतून ‘सूट’ म्हणून इंच-दोन इंच वजा करायची रीत असते, ती सूट चौथाई काढायच्या आधी की नंतर? आधी दोन इंच वजा केले तर चौथाईत अर्धा इंच कमी होतो, नंतर दोन वजा केले तर पूर्ण दोन, आणि पुढे वर्ग होतोय हे विसरू नका.

आता वाड्याच्या लाकडाला गोल माप लावू म्हणणाऱ्याचं काय करायचं. तुळई बरोबर चौरस असेल, ८ बाय ८, तर घेर ३२, चौथाई ८, काहीच फरक नाही, लावू द्या. गोल खांब असेल तर वर सांगितलं तसा विकणाऱ्याचा साडेएकवीस टक्के तोटा. पण लाकूड चपटं असेल तर उलटं होतं! १२ बाय ४ इंचाच्या पाटाचा घेर ३२, चौथाई ८, वर्ग ६४, खरं क्षेत्रफळ मात्र ४८. इथं घेणारा फसतो. म्हणून साधा नियम, चौकोनी लाकूड लांबी-रुंदी-जाडीनेच मोजायचं आणि गोल माप फक्त गोल लाकडाला.

७. टन, लोड, स्टँडर्ड, खंडी, कोडी

इंग्रजी बिलात ‘टन’ दिसला तर वजन समजू नका. लाकडाचा टन म्हणजे ५० घनफूट. आणि तो ५० घनफूट चौकोनी मापाचा की हॉपसचा तेही बघा, पहिला १.४२ घनमीटर आणि दुसरा १.८० घनमीटर. ब्रह्मी सागवानाच्या जुन्या व्यवहारात हा टन पदोपदी भेटतो.

ब्रह्मदेशाचा विषय निघालाच आहे तर, ओंडके मोजण्यावरून राज्य गेल्याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १८८५ मधे मंडालेच्या दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनवर सागवानाचे ओंडके कमी दाखवल्याचा ठपका ठेवून मोठा दंड ठोकला, इंग्रजांना निमित्तच हवं होतं, त्याच वर्षी नोव्हेंबरमधे लढाई झाली आणि थिबा राजाला पकडून आणलं ते शेवटी रत्नागिरीला. थिबा पॅलेस बघायला जातो ना आपण, तो त्याचाच. १९१६ ला तो तिथंच वारला. कंपनी मात्र पुढेही चालू राहिली.

‘लोड’ म्हणजे चौकोनी लाकडाचे ५० घनफूट किंवा न तासलेल्याचे ४०. ‘स्टँडर्ड’ दिसला तर तो बहुतेक पीटर्सबर्ग स्टँडर्ड, १६५ घनफूट, विलायती पाइनच्या मालाचं माप. १२ फूट लांब, ११ इंच रुंद, दीड इंच जाड अशा १२० फळ्या म्हणजे एक स्टँडर्ड, हिशोब करून बघा, बरोबर येतो. ‘बोर्ड फूट’ अमेरिकन, एक फूट बाय एक फूट बाय एक इंच, म्हणजे घनफुटाचा बारावा भाग. आयात मालवाल्यांकडे ‘सीबीएम’ ऐकाल, तो साधा घनमीटर, पण गोल ओंडक्याचा असेल तर हॉपसने काढलेला का ते विचारायलाच हवं.

खंडीबद्दल सावध. धान्याची खंडी म्हणजे २० मण, पण लाकडाच्या, जमिनीच्या, चुन्याच्याही खंड्या असत आणि जागेनुसार बदलत. मणाचंही तसंच, बंगाली मण ३७.३२ किलो आणि मुंबईचा २८ पौंडी मण १२.७ किलो, जवळजवळ तिप्पट फरक. जळाऊ लाकडाच्या बिलात मण असेल तर कागद कुठल्या गावचा ते बघितल्याशिवाय किलो करू नका. इमारती लाकडाची खंडी सापडली तर त्याच कागदात नग आणि त्यांची मापं दिली असतील तर त्यावरून उलटा हिशोब करून ती खंडी किती घनफुटाची ते काढायचं, बाहेरचा आकडा आणून चिकटवायचा नाही.

कोडी सोपी, २० नग. बांबू, वासे कोडीवर किंवा शेकड्यावर जात. बुरूड आळीतल्या जुन्या माणसांना अजून कळते.

आणि सीपी (जुना मध्य प्रांत), बल्लारशा, दांडेली, बर्मा ही मापं नाहीत बरं का, सागवान कुठलं त्याची नावं आहेत. एकदा एका ओळखीच्या मुलाने ‘सीपी म्हणजे किती फूट’ विचारलं होतं म्हणून लिहिलं.

८. वहीत यादी करा आणि मगच बोलणी

प्रत्येक नगावर खडूने नंबर टाका, जागेवर असतानाच, उतरवल्यावर ढिगात काही कळत नाही. वहीत रकाने असे पाडा, नंबर, काय आहे (तुळई, कडी, खांब, फळी), लांबी फूट-इंच, रुंदी, जाडी, सोडलेली लांबी आणि का सोडली, घनफूट, शेरा. मोजताना एकाने टेप धरायचा आणि दुसऱ्याने मोठ्याने परत म्हणत लिहायचं, ‘अकरा-चार’ ऐकून लोक अकरा-चौदा लिहितात. इंच बाराच्या वर लिहिला गेला असेल तर तिथंच थांबून परत मोजा.

तीन-चार जणांना बोलवा. एकाला सांगू नका दुसरा काय म्हणाला. प्रत्येकाला हेच प्रश्न विचारा:

- चौकोनी मापाने की गोल मापाने?
- टेप कुठं लावणार, मधे की टोकाला?
- लांबी पुढच्या अर्ध्या फुटाला नेणार की मागच्या?
- कुजलेलं कोण ठरवणार?
- फळ्या आणि कड्या त्याच दरात का?
- उतरवायची मजुरी आणि टेम्पो कुणाकडे?
- नक्षीकाम नगावर की ढिगात?

उक्त्या व्यवहाराचा मोह पडतो कारण डोक्याचा ताप वाचतो, एक रक्कम घ्या आणि मोकळे व्हा. द्यायचं तर द्या पण स्वतःची यादी तयार असल्यावर. यादीतले एकूण घनफूट गुणिले बाजारात सांगितलेला दर, त्यातून मजुरी वजा, हा आकडा खिशात ठेवून बोला. यादी नसताना उक्तं दिलं तर समोरच्याने मनात केलेला हिशोब तुम्हाला कधीच कळणार नाही. वहीत नंबर टाकलेत हे बघितलं तरी बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

घेणारे असाल तर टिंबर मार्केटातल्या वखारीत सकाळी जा, माल उलटापालटा करून दाखवायला माणसं मोकळी असतात. जुन्या बाजारात दारं, खिडक्या, सुटे खांब मिळतात पण तिथं सगळं नगावर, घनफूट तुम्हीच काढायचा आणि वखारीच्या दराशी ताडून बघायचा. कटाई आणि रंधा याचे वेगळे पैसे लागतात, ते धरूनच बजेट करा. १०० टक्के लाकूड कधीच हातात येत नाही, आऱ्यात भुसा जातो, खिळ्यापाशी जातं, चिरा निघतात. सुताराला आधी यादी दाखवून किती जास्त घ्यायचं ते त्याच्याकडूनच ठरवा आणि शक्यतो त्यालाच सोबत न्या, पण माप तुम्ही स्वतः घ्या.

९. बिल

वैधमापनशास्त्र कायदा २००९ चा, एप्रिल २०११ पासून लागू, त्याप्रमाणे धंद्यात दर आणि माप ठरलेल्या मेट्रिक एककातच सांगायला हवं. बोलताना घनफूट चालू दे, बिलावर घनमीटर लिहून घ्या आणि हवं तर शेजारी घनफूट. गोल ओंडके असतील तर ‘मध्यगोलाई, साल सोडून, चौथाई पद्धत’ असं चार शब्दांत त्याच बिलावर लिहायला लावा, नंतर वाद झाला तर तेवढी एक ओळ कामाला येते.

यादीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, शेवटच्या पानावर एकूण नग आणि एकूण घनफूट. टेम्पो भरताना नंबर वाचत खूण करत जा. अर्धा माल आज आणि अर्धा उद्या असं होणार असेल तर आज गेलेल्या नंबरांवर आजच सही घ्या, आणि पैसे गेलेल्या मालाचे त्याच दिवशी. ड्रायव्हरसोबत बिल आणि पाडकामाच्या परवानगीची एक कॉपी द्या, वाटेत कुणी विचारलं तर त्याला फोन लावत बसायला नको.